सरावाचे चौसष्ट शब्द आणि एक लाल बंब

वाल्या-नुकुलुई,
५ ऑक्टोबर

आदरणीय व्याहीबुवा हारितोन यांना इलारियोनचा टोपी काढून नमस्कार.

पत्र हाती पडेल तेव्हा तुम्ही आणि विहीणबाई दोघंही धडधाकट असाल आणि पत्र न फाडता वाचाल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं जिथल्या तिथे आहे. माझा उजवा गुडघा पावसाचा अंदाज नेमाने सांगतो, आणि हिची पाठ नेमकी द्राक्षं काढायच्या दिवशीच दुखते. विहीणबाईंचा खोकला कसा आहे? लिंडेनच्या फुलांचा काढा मधाबरोबर द्यावा, तुमच्या त्या मुळ्याच्या रसाने काही होत नाही. मुलांचा रविवारी इंग्लंडहून फोन आला होता. आमची आनेता आणि तुमचा सोरिन दोघंही सुखात आहेत, फक्त दोघांची एकच तक्रार आहे की आमचे बाप एकमेकांशी बोलत का नाहीत. मी म्हटलं, मी तर बोलतो. तुमच्या नामदिनाला, संत हारितोनच्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, मी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असा तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विहीणबाईंनी उचलला आणि तुम्ही तळघरात पिंपं धुताय असं सांगितलं. व्याहीबुवा, द्राक्षाच्या हंगामात पिंपं धुवावीच लागतात, मला मान्य आहे. पण तळघरातल्या माणसाचा खाकरण्याचा आवाज फोनच्या इतक्या जवळून येत नाही.

तर तुमचा राग आगीच्या बंबावरून आहे हे मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे हेही आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा रक्तदाब वाढणार नाही. तुमच्या गावच्या गुत्त्यात म्हणे असं बोललं जातं की वाल्या-नुकुलुईवाल्यांनी बंब मिळावा म्हणून स्वतःच्या गावाला आग लावली. हे धादांत खोटं आहे. आग आम्ही लावली नाही. ती लागली. आणि गावाला नव्हे, पांतेलच्या गवताच्या गंजीला, तीही अर्धीच. खरं काय घडलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही (हिला सांगितलं, पण ती म्हणाली की मला आधीच माहीत होतं), ते तुम्हाला सांगतो.

आपल्या दोन्ही गावांना मिळून एकच बंब मिळणार होता, आणि ज्यांची कवायत सरस त्यांना तो द्यायचा असं तो दान देणाऱ्या त्या इंग्लिश लोकांचं ठरलं होतं. मला तो बंब किती हवा होता हे तुम्हाला सांगायला नको. एकतीस वर्षं मी या गावच्या स्वयंसेवक अग्निशामकांचा प्रमुख आहे, आणि एकतीस वर्षं आमच्याकडे एक टाकी, एक हातपंप आणि ती टाकी ओढणारा एक ट्रॅक्टर आहे. गेल्या वर्षी सावेताचं घर पेटलं तेव्हा तो ट्रॅक्टर चालू व्हायलाच वीस मिनिटं लागली. मी तिचं शिवणयंत्र तेवढं बाहेर काढू शकलो. ती अजूनही रस्त्यात भेटली की थांबून माझे आभार मानते, आणि मी दुसऱ्या गल्लीने जातो, कारण ते आभार मला ऐकवत नाहीत.

घोळाला सुरुवात आमच्या सरपंचांनी केली. त्यांनी इंग्लंडला पाठवलेल्या पत्रात लिहून टाकलं की आमचे प्रमुख इंग्लिश अस्खलित बोलतात, दुभाष्याची गरज नाही. मला हे त्यांनी सहा आठवडे आधी सांगितलं, आणि वर म्हणाले, "इलारियोनकाका, घाबरताय कशाला, सगळा तर सरावाचा मामला आहे. सरावापुरते शब्द पाठ करा की झालं." हा सल्ला मी अक्षरशः पाळला, आणि तिथेच फसलो.

इंग्लिश शिकवायला आमच्या गावात फ्रोसिनाबाई. तुम्ही त्यांना आनेताच्या लग्नात पाहिलंय, बँडवाल्यांना सुरात वाजवा म्हणून दटावणाऱ्या त्याच. बाईंनी आधी वीस वर्षं रशियन शिकवलं, सरकार पालटल्यावर रातोरात फ्रेंच, आणि निवृत्तीआधी चार वर्षं इंग्लिश, वर्गाच्या एक धडा पुढे राहून. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी वही, पेन्सिल आणि बकरीच्या चीजचा गोळा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. बाईंनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे इंग्लिश, उजवीकडे आपली भाषा. विषय: सराव आणि प्रशिक्षण. एकूण शब्द चौसष्ट. कुठल्याशा पुस्तकातून त्यांनी ते उतरवून घेतले होते, आणि ते पुस्तक खेळाडूंसाठी होतं हे मला सत्तावन्नाव्या शब्दावर, म्हणजे ट्रेडमिलवर आल्यावर कळलं.

व्याहीबुवा, इंग्लिश माणसाचं मला एक नवल वाटतं. आपण एकदा 'एक्झर्चित्सिउ' म्हटलं की शाळेतलं गणित, सैन्यातली कवायत आणि डॉक्टरने सांगितलेले हातवारे, सगळं त्यात भागतं. त्यांच्याकडे प्रॅक्टिस निराळी, ड्रिल निराळं, ट्रेनिंग निराळं, एक्सरसाइज निराळा, रिहर्सल आणखी निराळी, ट्रायल तर भलतीच. मी बाईंना विचारलं की हे लोक इतका सराव करतात तर खरं काम कधी करतात? बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारली. (खरंच मारली. दोन नातवंडांच्या आजोबाला.) एक शब्द होता ड्राय रन, त्यापुढे बाईंनी लिहिलं होतं, पाण्यावाचून केलेली तालीम. मी म्हटलं, बाई, हा सोडून द्या, हे आम्ही एकतीस वर्षं करतो आहोत. दुसरा होता वॉर्म-अप, आणि त्यापुढे आपला तोच शब्द, जो आपण हिवाळ्यात घर तापवण्याला वापरतो. अग्निशामकांनी कामाआधी तापवायचं काय, हे काही मला कळलं नाही, पण पट्टी समोर होती म्हणून पाठ केला.

सहा आठवडे आमच्या घराचा छापखाना झाला होता. पुठ्ठ्याचे तुकडे कापून मी शब्द सगळीकडे लावले. कपाटावर स्किल, पाण्याच्या घागरीवर कोच, कोंबड्यांच्या खुराड्यावर बिगिनर. धार काढताना मी आमच्या जोयानाला सगळे चौसष्ट शब्द म्हणून दाखवायचो, आणि ती मान हलवायची, तिने पहिल्या आठवड्यात दूध कमी दिलं आणि मग सवय करून घेतली. हिने महिनाभर सहन केलं. एके दिवशी कोबीच्या पानांत खिमा भरून सरमाले वळता वळता मला म्हणाली, "अहो, आग, पाणी, पळा, वाचवा, यांना काय म्हणतात तेही बाईंना विचारून ठेवा." मी हसलो. मी म्हटलं, कवायतीत खरी आग नसते, अभ्यासक्रमाबाहेरचं डोक्यात भरलं तर आतलं सांडतं. हे वाक्य मी बोललो आहे, व्याहीबुवा, आणि ही मला ते रोज जेवताना वाढते.

मग तो शनिवार उजाडला. इंग्लंडहून तो बंब स्वतः चालवत आलेले दोघं परीक्षक, डेरेक म्हणून उंच गृहस्थ आणि मॉरीन म्हणून ठेंगण्या बाई, दोघंही निवृत्त अग्निशामक, दोघांच्याही हातात कागद लावलेली फळी. मॉरीनबाईंनी बंब चर्चसमोर उभा केला आणि पंप सुरू करून ठेवला. लाल रंग, चकचकीत पितळ, नळ्या अशा गुंडाळलेल्या की जणू सणाचा केक. आमच्या गावातले बाप्ये आंघोळ करून आले होते, यावरून समजा. फ्रोसिनाबाई मात्र आल्या नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की डोकं दुखतंय. त्यांचं डोकं का दुखत होतं ते मला माहीत आहे, त्यांनी आयुष्यात इंग्लिश माणसाशी इंग्लिश बोललेलं नाही आणि सत्तरीत सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती.

कवायत अशी ठरली होती: ग्रामसभेच्या हॉलला आग लागली आहे असं समजायचं, आणि अक्रोडाच्या झाडाखाली एक जखमी बेशुद्ध पडला आहे असंही समजायचं. जखमीचं काम पिंपं बनवणाऱ्या पांतेलिमोनला दिलं, कारण बाकी सगळे कामाचे होते. पांतेलचं वजन तुम्हाला ठाऊक आहे. त्याला सांगितलं, डोळे मिटून गप्प पडायचं, आम्ही उचलेपर्यंत हलायचं नाही. तो म्हणाला, "एवढंच ना? हे मी रोज करतो." ऊन टाळायला तो झाडाखालून सरकत सरकत आपल्याच गंजीच्या सावलीत जाऊन पडला, आणि अंगात शिरशिरी भरू नये म्हणून त्याने सकाळीच आलुबुखाराच्या दारूची पावशेर पोटात घेतलेली होती. पाच मिनिटांत त्याला खरीच झोप लागली.

आता इथे सफ्ताआजी येते. आजीचं वय अठ्ठ्याऐंशी, गावातलं एकही मरण तिने चुकवलेलं नाही. डोक्याला काळा रुमाल बांधून ती फाटकातून निघाली होती. तिला गंजीपाशी डोळे मिटलेला, हात पसरलेला पांतेल दिसला, आणि त्याच्या हातात मेणबत्ती नव्हती. तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही स्वतः काडेपेटीसाठी कसे धावला होता ते मी पाहिलंय. आपल्यात माणूस उपाशी गेला तर चालेल, कर्ज ठेवून गेला तर चालेल, पण हातात जळती मेणबत्ती असल्यावाचून गेला तर त्याला पलीकडे वाट कोण दाखवणार? मी लांबूनच ओरडलो, "आजी, तो मेलेला नाही, नाटक आहे, सराव आहे!" आजी म्हणाली, "मला कळतं रे इलारियोन, मी काय आंधळी आहे? नाटक तुमचं. पण तो वरचा ऐकतो ना. चुकून खरं धरलं त्याने, तर हा बिचारा अंधारात जाईल." आणि तिने पदरची मेणबत्ती काढली, पेटवली, पांतेलच्या छातीवर त्याचे दोन्ही हात जुळवून त्यात खोचली आणि क्रूसाची खूण केली. एकीने मेणबत्ती लावली म्हटल्यावर बाकीच्या बायका कशा राहतील? दोघी-तिघींनी सवयीने गळा काढला. मॉरीनबाईंनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मला अठ्ठाविसावा शब्द आठवला. मी म्हणालो, रिहर्सल. त्यांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि फळीवर काहीतरी लिहिलं.

मग मी माझ्या माणसांना इंग्लिश हुकूम देत हॉलकडे नेलं. ते सुंदर झालं, खोटं सांगत नाही. ट्रेनिंग म्हटलं की नळी सोडायची, ड्रिल म्हटलं की शिडी, प्रॅक्टिस म्हटलं की सगळ्यांनी पळायचं, असं आम्ही आपसात ठरवून ठेवलं होतं. डेरेकसाहेब जरा गोंधळलेले दिसले, पण माणसं पळत होती आणि शिडी उभी राहत होती, त्यामुळे ते लिहीत राहिले. तेवढ्यात पांतेल कुशीवर वळला.

मेणबत्ती गंजीत गेली. आधी धूर, मग पिवळी जीभ, मग ती फुरफुर, जी सावेताच्या छपरातून आली होती. मी परीक्षकांकडे वळलो, त्यांना सांगायचं होतं की ही खरी आहे, खेळ संपला, हात लावा. आणि माझ्या डोक्यात चौसष्ट शब्द रांगेत उभे होते आणि त्यातला प्रत्येक शब्द म्हणत होता की हे खरं नाही. मी ओरडलो, "ड्रिल! ड्रिल!" डेरेकसाहेबांनी अंगठा वर केला. मी गंजीकडे हात करून ओरडलो, "ट्रायल! एक्सरसाइज!" मॉरीनबाईंनी टाळ्या वाजवल्या. शेवटी जीव काढून ओरडलो, "नो प्रॅक्टिस! नो प्रॅक्टिस!" हे ऐकून तर डेरेकसाहेबांनी शेजारच्या मॉरीनबाईंना कोपर मारून दाखवलं. (आनेताने नंतर फोनवर समजावलं: त्यांना वाटलं मी फुशारकी मारतोय की हे सगळं आम्ही एकदाही तालीम न करता करतोय.)

मग मी वही फेकून दिली आणि आपल्या भाषेत बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, कारण पत्र विहीणबाई मोठ्याने वाचतील. पण माझ्या माणसांना प्रत्येक शब्द कळला. चौघांनी पांतेलला हातापायाला धरून ओढलं. तो जागा झाला तेव्हा समोर ज्वाळा, भोवती काळे रुमाल, रडणं आणि चर्चची घंटा. त्याची खात्री पटली की आपण पोचलो, आणि तेही चुकीच्या ठिकाणी. गुडघ्यावर बसून त्याने सगळ्या गावासमोर पापं कबूल करायला सुरुवात केली, त्यात शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड रात्री तीन पावलं सरकवल्याचंही आलं. (दगड सोमवारी जागेवर गेला. एवढं पुण्य त्या कवायतीला लागलं.) मी बंबाकडे धावलो. तिथल्या प्रत्येक दांड्यावर इंग्लिशमध्ये काहीतरी लिहिलेलं, आणि त्यातला एकही शब्द माझ्या चौसष्टांत नव्हता. सगळ्यात लाल होता तो दांडा मी ओढला. नळी हातात अशी उसळली की मला दोन माणसांनी मागून धरावं लागलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात पुरेसं पाणी होतं. मी रडत होतो, आणि लोकांना वाटलं धुराने. अकरा मिनिटांत आग विझली. सावेता बादल्यांच्या रांगेत पहिली उभी होती.

परीक्षकांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. ते मागे ठेवून गेले त्या कागदावर काय आहे ते फ्रोसिनाबाईंनी सोमवारी, डोकं थांबल्यावर, वाचून दाखवलं: जखमी, शोक करणाऱ्या स्त्रिया, धर्मविधी आणि प्रत्यक्ष आग, इतका जिवंत सराव आम्ही चाळीस वर्षांत पाहिलेला नाही. रविवारी तुमची कवायत झाली. मी कुंपणापाशी उभा राहून पाहिली. तुमची माणसं एका ओळीत, टोप्या एका कोनात, जखमीखाली पांढरी चादर आणि डोक्याखाली उशी. एकही चूक नाही. व्याहीबुवा, तीच एक चूक होती. तुमच्याकडे पाहून कुठे काही पेटलं आहे असं वाटेचना, आणि डेरेकसाहेब जांभई दाबत होते. नियमाने पाहिलं तर तुम्ही जिंकलात. संध्याकाळी बंब आम्हाला जाहीर झाला तेव्हा मी खरं सांगायला उठलो होतो. सरपंचांनी माझ्या पायावर पाय दिला, आणि मी बसलो. पाय त्यांनी दिला, पण बसलो मी, हे मला सलतं आहे. म्हणून हे पत्र. हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढं इंग्लिश शिकून शेवटी खरं बोलायला आपलीच भाषा लागली."

विहीणबाईंना नमस्कार. राग गेला असेल तर कळवा, नसेल तरी कळवा.

तुमचा व्याही,
इलारियोन

ता. क. बसवाल्याबरोबर आलुबुखाराची एक बाटली आणि अक्रोडांची पिशवी पाठवली आहे. बाटलीचं बूच त्याच्यासमोर तपासून घ्या.

ता. क. दुसरा. बंब चर्चसमोरच उभा आहे, अगदी त्याच जागी. ते दोघं परीक्षक त्या रविवारी रात्रीच क्रायोव्हाहून विमानाने गेले, आणि मग आमच्या लक्षात आलं की एवढी मोठी गाडी चालवायचा परवाना गावात कुणाकडेच नाही. माझा फक्त ट्रॅक्टरचा. सरपंचांचा पोलिसांनी काढून घेतला, का ते तुम्हाला माहीत आहे. पाद्रीबाबांनी आशीर्वाद द्यायला बंब चर्चच्या दारापर्यंत न्यायचा होता तर अठरा माणसांनी ढकलत नेला आणि ढकलत परत आणला. एक कोंबडी चालकाच्या जागेवर अंडी घालते.

ता. क. तिसरा. परवा गुरुवारी टेकडीवर धूर दिसला. आम्ही ट्रॅक्टरला टाकी जोडून निघालो आणि त्या बंबाच्या शेजारून गेलो. कुणी तिकडे पाहिलं नाही. तणच पेटलं होतं, काही गेलं नाही, पण मला तेव्हापासून झोप नाही. तुम्ही तीस वर्षं खाणीची बस चालवली आहे. दोन्ही गावांत तो परवाना फक्त तुमच्या खिशात आहे. या आणि बंब घेऊन जा. तुमच्याच अंगणात राहू दे, तुमच्याच गावाचं नाव रंगवा, मी सरपंचांशी बोलतो. आमच्याकडे काही पेटलं तर मी फोन करीन, तेव्हा तेवढा उचला. किल्ली याच पाकिटात ठेवली आहे. दुसरी नाही.